मोठ्या हातांचा गणपती

पेणला आमच्या आळीत बायकांची ओळख अवयवांवरून असायची. माझी आई हातवाली, सुमनकाकू कानवाली, गुलाबमावशी उंदीरवाली. शेवंताला पोटवाली म्हटलं की ती चिडायची, म्हणून तिला साचेवाली म्हणत. बाहेरगावचा पाहुणा आमचं घर विचारत आला, की कोपऱ्यावरचा वाणी शांतपणे विचारायचा, "हातवाली की कानवाली?" पाहुणा बिचारा गोंधळून जायचा. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नसे. गणपतीच्या कारखान्यात जी जे करायची, तेच तिचं नाव व्हायचं, आणि लग्नात मिळालेल्या नावापेक्षा ते जास्त टिकायचं.

परवा पुष्कळ दिवसांनी त्या आळीत गेले. लग्न होऊन मी रोह्याला आले त्यालाही आता खूप वर्षं झाली, पण पेणकडची गाडी निडी स्टेशन सोडून पुढे निघाली की मी अजून खिडकीकडे सरकते. निघताना आतोबांकडे डोकावले होते. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचं सगळं आयुष्य रोह्याच्या एका केमिकल कंपनीत गेलं, आणि आता कानांनी त्यांची साथ सोडलीय. म्हणाले, "पेणला चाललीस ना? बायकांच्या शेडवर जा. फिरती अजून पाळतात का, तेवढं बघून ये." पापड आण नाही, औषध आण नाही, हे एवढंच काम.

शेडवर आवराआवर चालली होती. नव्या मोसमाची माती यायची म्हणून वरच्या फळीवरच्या जुन्या मूर्ती खाली उतरवत होत्या. त्यात तो निघाला. फूटभर उंचीचं अंग, कान इवलेसे, पायाशी मांजराच्या पिल्लाएवढा उंदीर, आणि हात मात्र दोन फुटी गणपतीचे. आशीर्वादाचा पंजा इतका रुंद, की त्याच्याआड सोंड लपते. नव्या माणसाला त्याला पाहून हसूच येतं. मलाही आलं. मग ओलं फडकं घेऊन मी त्याच्यावरची धूळ पुसायला लागले, तसा भिजल्या शाडूचा वास आला आणि माझं हसू कुठे गेलं ते कळलं नाही.

तो वास आला की माझ्यासाठी दिवाळीनंतरचे दिवस सुरू होतात. रशिया नुकताच मोडला होता, आळीत केबलच्या वायरी या कौलावरून त्या कौलावर जायला लागल्या होत्या, आणि मी पेणच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बसले होते. गुजरातेतून ट्रकने शाडूची पोती यायची. टाकीत माती भिजत पडायची. आईच्या पदराला, वेणीला, भाकरीलासुद्धा तो वास असायचा. बाबा एस.टी.त कंडक्टर. त्यांच्या खाकी शर्टाला डिझेलचा आणि तिकिटांच्या कागदाचा वास. आणि महिन्यातल्या एखाद्या रविवारी तिसरा वास घरात शिरायचा, उग्र आणि जरासा गोड. तो आला की आई चुलीवर जास्तीचं आधण ठेवायची. आतोबा आलेले असायचे.

आतोबांची नखं कधी पिवळी असायची, कधी किरमिजी. त्यांच्या कंपनीत कापडाचे रंग बनत. "मी रंग बनवतो गो," ते नखं दाखवून म्हणायचे, "पण तो कुठल्या साडीला लागला, ते आजवर मला दिसलेलं नाय." युनियनच्या अभ्यासवर्गात जाऊन जाऊन त्यांना मार्क्स असा चढला होता, की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आत्या ऐकत नसे. म्हणून ते गाडीत बसून पेणला यायचे आणि आमच्या आळीतल्या बायकांना ऐकवायचे. मी आतोबा म्हणायचे, म्हणून सगळी आळीच त्यांना आतोबा म्हणू लागली.

वर्ग भरायचा तो अण्णांच्या मागच्या शेडमध्ये. अण्णा म्हणजे या सगळ्याजणी जिथे कामाला होत्या त्या कारखान्याचे मालक. त्यांनी शेड दिली होती, वर किटलीभर चहाही पाठवायचे. "आमच्याविरुद्धच बोलणार ना? बोला," ते म्हणायचे, "फक्त मूर्तींना धक्का लावू नका." मग न रंगवलेल्या पांढऱ्या गणपतींच्या रांगांमध्ये गोणपाटं अंथरून बायका बसायच्या. कुणाच्या मांडीवर निवडायचे वाल, कुणाच्या पोर. आतोबा उभे राहून बोलायचे आणि त्यांच्या पाठीमागे शंभरेक गणपती निमूट ऐकत असायचे.

एकदा अण्णा चहाबरोबर स्वतःच आले. म्हणाले, "अहो आतोबा, तिकडे रशिया बुडाला आणि तुम्ही इकडे पेणात काय शिकवत बसलाय?"

आतोबांनी बशीतला चहा संपवला. "अण्णा, विसर्जन झालं म्हणून पेणात गणपती बनवायचे सोडतात काय?"

सगळ्या हसल्या. अण्णा सर्वांत मोठ्याने हसले. ती दुपार आठवली की मला अजून बरं वाटतं.

आतोबांची शिकवायची रीत काही पुस्तकी नव्हती. ते शाडूचा गोळा घ्यायचे. "ही तुमची दिवसभराची मेहनत." मग त्याचे दोन भाग करायचे. "सकाळपासून भाकरीच्या सुट्टीपर्यंत तुम्ही जेवढं काम केलंत, त्यात तुमची मजुरी भरून निघाली. हा भाग तुमचा. आता सांगा, भाकरीनंतर जे काम केलंत ते कुणाचं?"

"भाकरीनंतर झोप येते," गुलाबमावशी म्हणाली.

"झोप तुमची. काम कुणाचं?"

मागे पंखा करकरत होता. मग आई म्हणाली, "आमच्या बापाचं मिठागरावर तसंच व्हायचं. उन्हात मीठ ओढायचा तो. ढीग झाला की शेठची माणसं यायची. घरात आमटीला मीठ लागलं तर आम्ही दुकानातनं आणायचो." आईचं माहेर खाडीकडचं. ती माहेराबद्दल फारशी बोलत नसे, त्यामुळे मी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती वाल निवडत राहिली.

सुमनकाकूचा राग मात्र लवकर चढायचा. "म्हणजे अण्णा आम्हाला लुबाडतो, असंच ना?"

"नाय. अण्णा चांगला माणूस हाय," आतोबा म्हणायचे. "उद्या तो साधू झाला, तरी त्याला शेजारच्या कारखान्याच्याच भावात मूर्ती विकायची हाय. दोन रुपये तुम्हाला जास्त दिले, तर बाजार त्याला उठवून लावेल. माणूस वाईट असावाच लागत नाय. साचे त्याचे, माती त्याची, जागा त्याची. तुमच्याजवळ दोन हात. तुम्ही हात घेऊन त्याच्या दारात जाणार, तो साचे घेऊन तुमच्या दारात येणार नाय. सगळी गोम इथं हाय." कॉलेजात मी मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा काढत होते. त्या रेघांमध्ये कुणाचं दार नव्हतं, कुणी कुणाच्या दारात जात नव्हतं.

एक शब्द मात्र आतोबांना काही केल्या समजावता येईना. परात्मता. फळ्यावर लिहायचे, पुसायचे. "म्हणजे असं की, आपण केलेली वस्तू आपली राहत नाय. मग काम आपलं राहत नाय. मग आपणच आपले राहत नाय." शेवंता विचारायची, "म्हणजे भूतबाधा?" आतोबा डोक्याला हात लावायचे. पुढच्या वेळी पुन्हा तोच शब्द, पुन्हा तीच भूतबाधा.

अशाच एका वर्गानंतर घरी येताना आई म्हणाली, "मला एक गणपती करायचाय." मी म्हटलं, "रोज तर करतेस." "नाय गो. मी हात करते. पोट कोण भरतं, डोळे कोण काढतं, गाडीत कोण चढवतं. एक तरी अख्खा माझ्या हातचा व्हावा. पाटापासून डोळ्यापर्यंत. आणि तो आपल्या घरात बसावा." आमच्या घरी गणपती यायचा तो अण्णांकडूनच, विकत. आई त्याच्यासमोर हात जोडायची तेव्हा त्याच्या हातांकडे बघायची, आपलेच आहेत का म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं, ही भक्ती आहे.

मग पोपटी आली. थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या, की आमच्याकडे एक दिवस मडकं लागतंच. तळाशी भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, कांदे, बटाटे, पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. तो पाला जळायला लागला की जो कडवट सुगंध सुटतो, त्याला पर्याय नाही. रोह्यालाही पोपटी होते, पण मला ती आळीतलीच लागते. त्या संध्याकाळी गरम शेंगा फुंकून खाताना शेवंता सहज बोलून गेली, "आमच्या माळ्यावर सासऱ्याचा एक साचा पडलाय. एक फुटी गणपतीचा. नुसतं अंग हाय, बाकीचे फुटले."

आतोबांच्या हातातली शेंग हातातच राहिली. "साचा तुमच्याजवळ हाय," ते म्हणाले, "आणि इतके दिवस तुम्ही मला बोलू देताय?"

ठरलं ते असं. शेवंताने साच्यातून अंग काढायचं. हात, कान आणि उंदीर यांचे साचे नव्हते, पण त्यांची गरजच काय. ज्या बायका आयुष्यभर तेच करत आल्या, त्या साच्याशिवायही ते करू शकत होत्या. प्रत्येकीने आपापलं घरी करायचं, आणि रविवारी शेवंताच्या पडवीत सगळं जोडायचं. आई जेवणं आटोपून चुलीजवळ बसायची. तिची बोटं माती अशी वळवायची, की मी पुस्तक मिटून बघत राहायचे. बांबूच्या सळीने ती एकेक नख कोरायची. तिच्या ओठांवर गाणं नसायचं, पण श्वासाला ठेका असायचा. मी तिला इतकं सुखात क्वचित पाहिलं होतं.

रविवारी सगळ्याजणी पडवीत आल्या. फडक्यांत गुंडाळलेले आपापले तुकडे जपून समोर ठेवले. फडकी सुटली आणि सगळ्या एकमेकींच्या तुकड्यांकडे बघायला लागल्या.

आईने केलेले हात दोन फुटी गणपतीचे होते. कारखान्यात ती मोठ्या मूर्तींवर होती, तिच्या बोटांना तेवढंच माप ठाऊक. सुमनकाकू त्या वर्षी छोट्या मूर्तींवर, तिचे कान बोटाच्या पेरांएवढे. आणि गुलाबमावशीचा उंदीर तर मांडवातल्या सार्वजनिक गणपतीपुढचा. मधे शेवंताचं फूटभर अंग, बिनहाताचं, बिनकानाचं, पाटावर बसलेलं. कुणी कुणाला माप विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं. कारखान्यात माप सांगायला वर माणूस होता, आणि अख्खी मूर्ती तोच बघायचा.

गुलाबमावशी कपाळाला हात लावून खाली बसली. सुमनकाकूचे डोळे भरले. आई आपल्या हातांकडे बघत होती, मातीच्या नाही, स्वतःच्या. मला वाटलं, आता ही सगळं गोळा करून टाकीत फेकणार आणि पुन्हा कधी हे नाव काढणार नाही.

आतोबा हळूच म्हणाले, "शेवंता, भूतबाधा विचारत होतीस ना? ती ही. परात्मता ती ही."

आधी शेवंता हसली. मग गुलाबमावशी. मग अख्खी पडवी अशी हसायला लागली, की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आतोबा हसता हसता डोळे पुसत होते. त्यांना तो शब्द इतक्या दिवसांनी सांगता आला होता, आणि तो बायकांनीच सांगायला लावला होता. हसू ओसरल्यावर सुमनकाकू म्हणाली, "मोडा आता, नव्यानं करू."

"ह्याला नाय मोडायचा," आई म्हणाली. "पयला हाय."

आणि तिने ते प्रचंड हात त्या लहान अंगाला जोडायला घेतले. ओल्या मातीचा लेप लावला, आतून काडीचा आधार दिला, सांधा बोटाने सारखा केला. कान चिकटले, उंदीर पायाशी बसला. तो वाळून पांढरा झाला, तेव्हा सर्वांत आधी नजर जायची ती त्या पंजावर.

त्याच दिवशी आईने नियम केला. आठवड्याला कामं बदलायची. हातवालीने कान करायचे, कानवालीने उंदीर, उंदीरवालीने साचा भरायचा. त्याला आम्ही फिरती म्हणू लागलो. सुरुवातीला काय हाल झाले ते विचारू नका. आईचे कान सुपासारखे व्हायचे. गुलाबमावशीच्या हातांना कधी चार बोटं निघायची, कधी सहा. पण पडवीत आता माणसं अख्ख्या मूर्तीकडे बघून भांडत होती, आणि त्या भांडणाचा आवाज मला फार आवडायचा.

बातमी अण्णांपर्यंत गेलीच. पुढच्या वेळी किटली आली नाही. निरोप आला, शेडमध्ये माल ठेवायचा आहे, वर्गाला जागा होणार नाही. सुमनकाकू संतापली. आतोबांनी गोणपाटं गुंडाळली आणि म्हणाले, "मी काय सांगत होतो? माणूस वाईट नाय. जागा त्याची हाय." मग वर्ग पडवीत भरू लागला. दिवसा बायका अण्णांकडे आपापले अवयव करायच्या, संध्याकाळी पडवीत गणपती. घर दोन्हीकडून ओढलं जायचं. बाबा ड्युटीवरून आले की स्वतःच भात लावायचे, आणि तो दरवेळी करपायचा. त्या वर्षातल्या सुखाला माझ्या जिभेवर अजून करपल्या भाताची चव आहे.

राहिले डोळे. डोळ्यांची आखणी बायकांना कुणी शिकवत नसे. कारखान्यात ती अण्णा स्वतः करायचे, सर्वांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. बारीक कुंचला, श्वास रोखलेला, कारखान्यात चिडीचूप. आईला बाकी सगळं जमत आलं होतं, पण डोळ्यांशिवाय गणपती बसवता येत नाही. आषाढ लागला. रंगांच्या, डिंकाच्या वासाने आळी भरून गेली. एके सकाळी आई कामावर गेली, तेव्हा अण्णांचा पाट-चौरंग भिंतीकडून हलवून तिच्या समोर मांडलेला होता. अण्णा तिच्याकडे तोंड करून आखणीला बसले, आणि मोसम संपेपर्यंत तिथेच बसले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही. शेड काढून घेणारा माणूसही तोच होता. मी आतोबांना विचारलं, हे तुमच्या पुस्तकात कुठे बसतं. त्यांनी पुष्कळ विचार केला. "बसतं," म्हणाले, "त्याचा बापपण कारागीर होता."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे आईने आमच्या गणपतीचे डोळे काढले. पाटापासून डोळ्यापर्यंत तिचा. दारात कण्हेर फुलली होती. कुंचला ठेवून ती मागे सरकली, आणि गणपतीने तिच्याकडे पाहिलं. डावा डोळा जरासा खाली उतरला होता, त्यामुळे तो पाहायचा ते समोरच्या माणसाच्या हातांकडे. आईने डोळे मिटून घेतले. मी तेव्हा रडले, ती नाही. दुसऱ्या दिवशी आतोबा रोह्याहून आले. देव न मानणारे आतोबा आरतीला मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्याही बेताल, आणि मोदक मात्र त्यांनी बिनतक्रार खाल्ले. विसर्जनाला मला वाटलं, आईला जड जाईल. पाण्यातून वर आली तेव्हा तिचा पदर चिंब होता. म्हणाली, "कसा करायचा ते आता ठावं हाय गो. जाऊ दे त्याला."

क्रांती काही झाली नाही, हे सांगायला हवं. अण्णांच्या कारखान्याच्या जागी आता त्यांच्या नातवाचे तीन मजले आहेत आणि आत रंगाच्या फवाऱ्यांचा आवाज असतो. तिथे अजूनही कुणी हातवाली आहे, कुणी कानवाली. पण शेवंताची पडवी वाढत वाढत शेड झाली. त्यात आज आळीतल्या आणि आसपासच्या वीसेक बायका काम करतात, साचे सगळ्यांचे मिळून आहेत, आणि उरलेले पैसे सगळ्याजणी वाटून घेतात. एवढंच झालं. मला ते थोडं वाटत नाही.

परवा आई शेडच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिची बोटं आता वळत नाहीत, पण रोज येऊन बसते. पुसलेला गणपती मी तिच्या मांडीवर ठेवला. ती त्याच्या पंजावर आपला पंजा ठेवून बसली. तिचाच हात लहान दिसत होता.

कोपऱ्यात एक नवीन मुलगी मातीचा हात घेऊन सळीने नखं कोरत होती. गडब गावाहून येते म्हणे, कामाला लागून थोडेच दिवस झालेत. सवयीने मी विचारलं, "तू काय करतेस गो?"

आळीत हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले. उत्तर मला ठाऊक होतं, तिच्या हातातच होतं.

तिने वर पाहिलं. एवढं साधं कसं कळत नाही, अशा चेहऱ्याने म्हणाली, "गणपती."

मग पुन्हा मान खाली घालून, "आज हात हायत. पुढल्या आठवड्यात डोळे."

मी आईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं.

संध्याकाळच्या गाडीने रोह्याला उतरले आणि आधी आतोबांकडे गेले. ते ओट्यावर वाट बघत होते. मी त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, ती मुलगी, तिच्या हातातला हात, माझा प्रश्न.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"गणपती."

त्यांनी कानामागे हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणजे ऐकू आलं होतं. तरी म्हणाले, "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.